टांगेल माशी: खान्देशातल्या सिरफिड माश्या ओळखायला शिकताना

शिंदखेडा तालुक्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीत माझ्या मामांची दादर (रब्बी ज्वारी) असते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात पोंग्यातला मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) बघायला म्हणून आम्ही दोघं शेतात शिरलो. मामा एका धाटापाशी थांबले आणि म्हणाले, "भाचा, हाई माशी देख. हवामा टांगेल शे." पानापासून वीतभर अंतरावर एक काळी-पिवळी माशी जागच्या जागी थांबली होती. पंख दिसत नव्हते, नुसता धुरकट भास. मी हात पुढे केला तशी ती हातभर मागे सरकली, हात मागे घेतला तशी परत त्याच जागी येऊन टांगली. मामांनी तिला मधमाशी ठरवली, मी गांधीलमाशी म्हणालो. दोघंही चुकलो होतो.

ती सिरफिड माशी होती. कृषी खात्याच्या पत्रकांत मित्रकिडींच्या यादीत ढालकिडा आणि क्रायसोपाच्या शेजारी हे नाव असतं. आपण वाचतो आणि पुढच्या ओळीतल्या फवारणीच्या मात्रेकडे जातो. आमच्या भागात हिला बोलीतलं वेगळं नाव मी तरी ऐकलं नाही, म्हणून घरात आम्ही मामांचंच वापरतो: टांगेल माशी.

हा लेख ज्यांनी आजवर यातली एकही ओळखलेली नाही त्यांच्यासाठी आहे. मी कीटकशास्त्राचा माणूस नाही. अमळनेरात नोकरी करतो, सुटीच्या सकाळी बोरी नदीच्या काठानं आणि मामांच्या बांधावरून फिरतो. पहिले दोन हिवाळे मी फक्त रंग बघून ओळखत होतो आणि त्या काळातल्या जवळजवळ सगळ्या नोंदी नंतर खोडाव्या लागल्या. त्यामुळे खाली जो क्रम दिला आहे त्यात रंग सगळ्यात शेवटी येतो. नवीन माणसाला हे अवघड जातं, कारण डोळ्यात आधी पिवळे पट्टेच भरतात.

निघण्याआधी

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, मोबाइलला लावायची मॅक्रो क्लिप, झाकणाची पारदर्शक प्लास्टिक डबी आणि वही. एवढंच. जाळी सुरुवातीला घेऊच नका, जाळी आली की माणूस बघायचं सोडून पळायला लागतो.

हंगाम म्हणाल तर आपल्याकडे पावसाळा ओसरल्यापासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. सप्टेंबर-ऑक्टोबरात बोरीची झाडं बारीक हिरवट फुलांनी भरतात. त्या फुलांचा वास माणसाला फारसा आवडणारा नाही, पण माश्यांची तिथे जत्रा असते. डिसेंबर-जानेवारीत दादर, हरभऱ्याच्या कडेची मोहरी, परसातली कोथिंबीर फुलावर आलेली. फेब्रुवारीत कुणी कांद्याचं बियाणं धरलं असेल तर त्याचे डेंगळे. बारीक बारीक फुलांचे गुच्छ लक्षात ठेवा: या माश्यांची सोंड आखूड असते, खोल नळीच्या फुलातला मध बहुतेकींना पोचत नाही. शेपू, बडीशेप, कोथिंबीर, एकदांडी, अगदी गाजरगवतसुद्धा चालतं.

वेळ सकाळची. थंडीत ऊन अंगावर आल्यावर पहिला तास-दीड तास त्या पानावर पंख पसरून ऊन खात बसतात, तेव्हा हवे तेवढे फोटो काढून घ्या. दुपारी त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही, एवढं पथ्य पाळलं की अर्धं काम झालं. उडाली तरी जागा सोडू नका, पुष्कळदा त्याच फुलावर परत येते.

दुसऱ्याच्या शेतात जाताना विचारून जावं आणि "फवारा मारेल शे का?" हे आधी विचारावं. यावल अभयारण्यात फक्त बघायचं आणि फोटो काढायचे, वनखात्याच्या परवानगीशिवाय कीटक पकडणं हा गुन्हा आहे.

पहिली पायरी: मुळात माशी आहे का

मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्या नावात माशी असली तरी त्या मुंग्यांच्या गणातल्या. त्यांना पंखांच्या दोन जोड्या, म्हणजे चार पंख असतात. खऱ्या माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी काडेपेटीतल्या काडीसारखे दोन इवलेसे दांडे असतात, टोकाला गुंडी. त्यांना संतुलक म्हणतात, आणि हवेत टांगून राहण्याची सगळी कसरत त्यांच्या जोरावर चालते.

बसलेल्या किड्याचे पंख मोजणं मात्र बोलण्याइतकं सोपं नाही, मधमाशीचे पुढचे-मागचे पंख आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात आणि एकच दिसतात. म्हणून मी आधी डोकं बघतो. मधमाशीची शृंगिका (अँटेना) लांब आणि कोपरात वाकवलेल्या हातासारखी. सिरफिडची आखूड, जाडसर, तीन तुकड्यांची, आणि शेवटच्या तुकड्यावर एक केस उभा. डोळेही माशीचे मोठे, जवळजवळ सगळं डोकं व्यापणारे. सातेरी मधमाशीच्या मागच्या पायावर परागाचा गोळा दिसतो, सिरफिडच्या पायावर तो कधीच नसतो.

सिरफिडला नांगी नाही. ती पोट वाकवून डंख मारल्याचं सोंग आणते, तेवढंच. हे पट्टे आणि हे सोंग पक्ष्यांना फसवण्यासाठी आहे, आपण मधेच फसतो.

दुसरी पायरी: सिरफिडच आहे का

इथे पंख बघावा लागतो, आणि हीच पायरी नवखे लोक टाळतात. मीही टाळली होती.

माशी पंख पसरून बसलेली असताना वरून, उजेड पंखातून आरपार जाईल अशा बेतानं फोटो काढा आणि घरी येऊन मोठा करून बघा. पंखाच्या मधोमध, लांबीच्या दिशेनं, दोन ठसठशीत शिरांच्या मधून एक पुसट रेघ गेलेली दिसेल. तिला ना आगा ना पिछा, कुठल्या शिरेतून निघत नाही आणि कुठल्या शिरेला मिळत नाही. ती खरी शीर नाहीच, पंखाच्या पापुद्र्याची जाड झालेली घडी आहे. शास्त्रात तिला खोटी शीर म्हणतात. सिरफिडी कुलाची ही सही समजा. जगात या कुलाच्या 6,000 हून जास्त जाती आहेत आणि खोटी शीर नसलेल्या त्यात अगदी मोजक्या.

दुसरी खूण पंखाच्या बाहेरच्या कडेला. घरमाशीच्या काही शिरा थेट कडेपर्यंत जातात. सिरफिडच्या शिरा कडेच्या अलीकडेच वळतात आणि कडेला समांतर धावतात, शेताला बांध घालावा तसा. बांधाबाहेर पंखाची एक अरुंद पट्टी मोकळी राहते. एकदा हा बांध दिसला की मग तो दिसतच राहतो.

या पायरीवर माझी जी फजिती झाली ती सांगून टाकतो. बोरीच्या फुलांवर एक करड्या अंगाची, डोळ्यांवर पट्टे असलेली माशी मी दोन मोसम ठिपकेदार डोळ्यांची सिरफिड म्हणून नोंदवत होतो. पंचवीस-तीस नोंदी झाल्या असतील. मग एका जाणत्यानं एका ओळीत विचारलं, "खोटी शीर कुठे आहे?" फोटो मोठा केला. शीर नव्हती, बांधही नव्हता. ती स्टोमोऱ्हायना निघाली, निळ्या-हिरव्या मांसमाश्यांच्या नात्यातली. तिचं तोंड खालून चोचीसारखं पुढे आलेलं असतं आणि पाठीवर बारीक काळे ठिपके शिंपडल्यासारखे असतात. डोळ्यांच्या नादात मी बाकी काही बघितलंच नव्हतं.

आणखी एक तोतया म्हणजे बीफ्लाय. तीही हवेत टांगते, पण अंग लोकरीसारखं केसाळ आणि पुष्कळींची सोंड सुईसारखी लांब, सरळ पुढे रोखलेली. तिचा संभ्रम फार काळ टिकत नाही.

तिसरी पायरी: खांदे झाकलेले की उघडे

शाळेतल्या शब्दांची उजळणी करून घेऊ, कारण पुढे लागणार आहे. कुल मोठं, त्यात उपकुलं, उपकुलात प्रजाती, प्रजातीत जाती. सिरफिडी हे कुल. त्याची उपकुलं पूर्वीपासून तीन मानत आले आहेत: सिरफिनी, एरिस्टॅलिनी आणि मायक्रोडॉन्टिनी. अलीकडे पिपिझिनी नावाचं चौथं वेगळं काढतात, पण नवख्यानं त्याची काळजी करू नये.

आपल्या शेतातलं बहुतेक सगळं पहिल्या दोनांत बसतं, आणि त्या दोनांना वेगळं करायला पट्टे कामाचे नाहीत. बघायचे ते खांदे. छातीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर, मानेच्या दोन्ही बाजूंना, एकेक लहान उंचवटा असतो. सिरफिनींचं डोकं मागून खोलगट असतं आणि छातीवर टोपी घट्ट बसवावी तसं बसतं. खांदे त्या टोपीखाली जातात, दिसले तरी त्यांवर केस नसतात. एरिस्टॅलिनींचं डोकं थोडं सुटं, खांदे उघडे आणि केसाळ. बाजूनं आणि किंचित वरून काढलेल्या फोटोत हे चांगलं कळतं.

नर असेल तर पोटावरून खात्री करता येते. नर कसा ओळखायचा? बहुतेक जातींत नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांत मधे पट्टी मोकळी असते. (अपवाद आहेत, काही जातींत नराचेही डोळे सुटे राहतात.) वरून बघताना सिरफिनी नराच्या पोटाचे पाच खंड मोजता येतात, एरिस्टॅलिनी नराचे चार.

एवढा खटाटोप कशासाठी, तर उपकुल कळलं की माशीचं बालपण कळतं. सिरफिनींच्या अळ्या बहुतेक मावा खाणाऱ्या. एरिस्टॅलिनींच्या अळ्या घाण पाण्यात, शेणात, सडक्या लाकडात किंवा गड्ड्यांत वाढणाऱ्या. आणि मायक्रोडॉन्टिनींच्या अळ्या मुंग्यांच्या वारुळात राहतात. अर्ध्या वाटाण्यासारख्या, पाय नाहीत, डोकं दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांना गोगलगाईंच्या गोतातलं समजून नाव दिलं गेलं होतं. मोठमोठ्यांचं असं झालं, मग माझ्या पंचवीस नोंदींचं काय घेऊन बसलात. या तिसऱ्या घरातली माशी मी अजून आपल्याकडे पाहिलेली नाही.

मावा खाणाऱ्यांचं घर

मामांच्या शेतात टांगलेली ती इस्किओडॉन स्कुटेलॅरिस होती. खान्देशात पहिल्यांदा ओळखाल ती बहुधा हीच. लांबी आठ ते दहा मिलिमीटर. छातीची पाठ काळपट चकचकीत आणि तिच्या दोन्ही कडांना स्वच्छ पिवळी किनार, नऊवारीच्या काठासारखी ठळक. छातीच्या शेवटी अर्धचंद्राकृती टिकली असते, तिला स्कुटेलम म्हणतात. ती हिची पिवळी आणि मध्यभागी काळसर. पोट काळं. दुसऱ्या खंडावर दोन बाजूंना दोन पिवळे डाग, पुढच्या खंडांवर पिवळे वाकडे पट्टे. खरी गंमत नराच्या मागच्या पायात आहे: पाय शरीराला जोडतो तिथल्या लहान सांध्यातून एक काटा बाहेर आलेला असतो. भिंगाखाली तो काटा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी बायकोला हातातलं काम सोडून बोलावलं होतं. तिनं बघितलं, "बरं" म्हणाली आणि गेली.

जुन्या शेतकी पुस्तकांत हीच माशी झँथोग्रामा स्कुटेलेर या नावानं भेटते. जात तीच, प्रजातीचं नाव बदललं. तसंच सिर्फस बाल्टिएटस आता एपिसिर्फस बाल्टिएटस झाली आहे. जुनं पुस्तक आणि नवं ॲप यांत भांडण दिसलं तर आधी हे तपासा.

एपिसिर्फस ओळखायला सोपी. तिच्या पोटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर प्रत्येकी दोन काळे पट्टे असतात, मागचा रुंद आणि पुढचा बारीक. तो बारीक पट्टा थेट मिशीसारखा दिसतो, कोरून ठेवलेल्या मिशीसारखा. छातीला ठळक पिवळी किनार नाही, अंगही इस्किओडॉनपेक्षा चपटं आणि नाजूक. मिशी दिसली की प्रजाती नक्की झाली. पुढे जाती ठरवताना थांबा, कारण भारतात बाल्टिएटसची एक जवळची बहीण विरिडॉरियसही आहे.

स्फेरोफोरिया त्याहून बारीक, काडीसारखी. तिलाही पिवळी किनार असते, म्हणून इस्किओडॉनशी घोटाळा होतो. पोटाकडे बघा: स्फेरोफोरियाचं पोट दोन्ही बाजूंनी जवळपास समांतर, आणि नराच्या पोटाच्या टोकाला एवढा मोठा गोळा की चुकून दुसऱ्याच किड्याचा लावला असावा असं वाटतं.

पॅरागस तांदळाच्या दाण्याहून लहान, चार ते सहा मिलिमीटर. आखूड, बुटकी, काळी किंवा काळी-तांबूस. तिला लोक चिलट समजून सोडून देतात. तिचे डोळे भिंगातून जरूर बघा: काही जातींत डोळ्यांवर पांढऱ्या केसांचे उभे पट्टे असतात आणि स्कुटेलमच्या कडेला करवतीसारखे दाते. दुसऱ्या काही जातींत डोळ्यांवर सगळीकडे सारखेच केस आणि स्कुटेलमची कड सपाट. एवढ्यावर प्रजातीचे दोन गट पडतात. त्यापुढे जातीसाठी नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. ते आपलं काम नाही.

सातपुड्याच्या पायथ्याकडे, चोपड्याच्या वर, ओढ्याकाठी रुंद पोटाची आणि पंखांच्या मधोमध गडद आडवा पट्टा असलेली एक दिसते. ती डिडीऑप्सिस इग्रोटा. पंखावरच्या त्या पट्ट्यामुळे तिच्याबद्दल जास्त सांगायची गरज पडत नाही. आणि गांधीलमाशीसारखी कंबर आवळलेली, लांबट पोटाची दिसली तर अलोबाकाचा विचार करा. ती उन्हापेक्षा सावलीतल्या झुडपांत जास्त.

ठिपक्यांच्या डोळ्यांची

दुसऱ्या घरात म्हणजे एरिस्टॅलिनींत माझी आवडती एरिस्टॅलिनस. मधमाशीएवढी, भरदार, आणि डोळे असे की कुणीतरी फिकट डोळ्यावर गडद शाई झटकली आहे. प्रत्येक डोळ्यावर डझनावारी ठिपके. काही जातींत ठिपक्यांऐवजी उभे पट्टे.

पण आपण शिस्तीनं जाऊ. आधी पंख. या टोळीत पंखाच्या मधल्या एका लांब शिरेला खोल झोल पडलेला असतो. दोन खांबांना दोरी बांधून मधे सैल सोडली की ती जशी खाली झोका खाते, तसा. बहुतेक सिरफिनींत ती शीर सरळ किंवा अगदी किंचित वाकलेली. झोल दिसला की तुम्ही एरिस्टॅलिनस किंवा तिच्या जवळच्या नातलगांत पोचलात.

मग त्याच पंखाची पुढची कड, टोकाच्या थोडी अलीकडे. तिथे दोन शिरांमधला एक लांबट खण कडेला भिडतो. एरिस्टॅलिनसमध्ये त्या दोन शिरा कडेच्या आधीच एकमेकींना मिळतात आणि खणाचं तोंड बंद होतं, मोट बांधल्यासारखं. मेसेम्ब्रियस नावाची तिची नातलग पाणथळीजवळ, भाताच्या खाचरांत, कालव्याच्या कडेला दिसते. तिच्या पंखालाही झोल असतो पण खणाचं तोंड उघडं. फायटोमिया मोठी, जाडजूड, खण बंद, मात्र डोळ्यांवर ठिपके नाहीत. म्हणजे झोल, मग खणाचं तोंड, मग डोळे. या क्रमानं गेलात तर स्टोमोऱ्हायना वाटेत पहिल्याच प्रश्नाला गळते.

एरिस्टॅलिनसच्या जातींबद्दल सावध राहा. आपल्याकडे अर्वोरम, मेगासेफॅलस आणि क्विन्क्वेस्ट्रायेटस ही नावं वारंवार वाचायला मिळतात. शेवटच्या नावाचा अर्थ "पाच पट्ट्यांची", आणि पट्टे छातीच्या पाठीवरचे. नावावरून वाटतं की पट्टे मोजले की झालं. तसं होत नाही, कारण छातीवर उभे पट्टे बाकीच्यांनाही असतात, आणि पराग माखला की तीनाचे पाच नि पाचाचे तीन दिसतात. अंगाचा रंगही नर-मादीत आणि थंडी-उन्हाळ्यात बदलतो. एका फोटोवरून मी आता "एरिस्टॅलिनस, जात अनिश्चित" एवढंच लिहितो. वही अपुरी वाटते खरी, पण खोडायची वेळ येत नाही.

हिची अळी बघायची असेल तर गोबरगॅसच्या मळीची टाकी, गोठ्याची तुंबलेली मोरी किंवा शेणाचं पाणी साचलेला खड्डा गाठा. करडी, मऊ अळी आणि मागे लांब शेपटी. इंग्रजीत तिला उंदीरशेपटी अळी म्हणतात ते शोभतं. ती शेपटी म्हणजे श्वासाची नळी. दुर्बिणीच्या नळ्यांसारखी एकात एक सरकते, आणि अळी तळाशी चरत असताना नळीचं टोक पृष्ठभागावर हवेत राहतं. या अळ्या दिसल्या म्हणून टाकीत औषध ओतणारे मी बघितले आहेत. त्या पिकाला काही करत नाहीत.

मांड्या फुगलेल्या दोघी

याच उपकुलातल्या दोन लहान माश्या पॅरागससोबत गोंधळतात. सिरिट्टा सडपातळ, उकिरड्याजवळ आणि खताच्या ढिगाजवळ जमिनीलगत उडणारी. मागच्या मांड्या पैलवानासारख्या फुगलेल्या. यूमेरस थोडी जाड, काळसर, पोटावर दोन्ही बाजूंना तिरप्या राखाडी-पांढऱ्या खुणा, कंसाच्या चिन्हांसारख्या. तिच्याही मागच्या मांड्या जाड. तिच्या काही जातींच्या अळ्या कांदा-लसणाच्या गड्ड्यात वाढतात, विशेषतः आधीच सडू लागलेल्या. चाळीत कांदा चिवडताना पांढरट-पिवळट बारीक अळ्या दिसल्या तर ही एक शक्यता डोक्यात ठेवा. म्हणजे या कुलातल्या सगळ्याच मित्र नाहीत.

अळीवरून ओळख

शेतकऱ्याला माशीपेक्षा अळी ओळखणं जास्त उपयोगाचं, आणि तिथेच मोठी गफलत होते. मावा असलेल्या पानावर हिरवट, पिवळट किंवा मातकट रंगाची, जळवेसारखी अळी दिसते आणि लोकांना ती पान खाणारी वाटते. मामांनीही तशा कितीतरी बोटांत चिरडल्या होत्या. फरक सोपा आहे. पान खाणाऱ्या अळीला गोल कडक डोकं आणि छातीखाली पाय असतात. सिरफिडच्या अळीला पाय नाहीत, दिसेल असं डोकं नाही, आणि पुढचं टोक निमुळतं, मागचं रुंद.

ती जेवताना बघायची असेल तर संध्याकाळी टॉर्च घेऊन जा, बऱ्याच जातींच्या अळ्या अंधारातच फिरतात. दादरीच्या पानाच्या खालच्या बाजूला, जिथे चिकटा पडून पान चकाकत असतं, तिथे एक धरून बसा. अळी पुढचं टोक उचलते आणि आंधळ्यानं काठी फिरवावी तशी डावी-उजवीकडे फिरवत राहते. तिला डोळे नाहीत. टोक एखाद्या माव्याला लागलं की तोंडातले आकडे त्यात रुततात, आणि ती त्याला पानावरून उचलून हवेत धरते. मावा पाय झाडतो. अळीच्या पातळ कातडीतून आत काहीतरी मागे-पुढे सरकताना दिसतं. दोनेक मिनिटांत माव्याचं रिकामं चिपाड खाली पडतं आणि ते टोक पुन्हा फिरायला लागतं. मोठी होईपर्यंत एक अळी असे शेकडो मावे संपवते. मामांनी हे एकदा टॉर्चच्या उजेडात पाहिलं आणि त्यानंतर बोटांनी चिरडणं थांबवलं. फवारणी थांबवली असं म्हणणार नाही, पण आता आधी पानं उलटून बघतात.

अंडी शोधायची तर माव्याच्या वसाहतीतच शोधा. पांढरं, लांबट, मिलिमीटरभर, एकेकटं आडवं चिकटवलेलं. क्रायसोपाचं अंडं बारीक दांडीच्या टोकावर उभं असतं, त्यामुळे दोघांत गल्लत होत नाही.

डबीत ठेवून बघणं

अळीवरून जात कळत नाही, माशी बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं. डबीच्या झाकणाला सुईनं भोकं पाडा, तळाशी टिपकागद, आणि रोज माव्याची ताजी डहाळी. मावा कमी पडला तर एक अळी दुसरीला खाते, म्हणून एका डबीत एकच. काही दिवसांनी अळी काळं, डांबरासारखं चिकट काहीतरी टाकते. घाबरू नका, कोष करण्याआधी पोट साफ करते. मग पाण्याच्या थेंबासारखा कोष होतो, एक बाजू फुगीर, दुसरी निमुळती. आपल्याकडच्या उबेत आठवडाभरात, कडक थंडीत त्याहून उशिरा माशी निघते.

निघाली तर. माझ्या पहिल्या चार कोषांपैकी दोनांतून माशीऐवजी काळी, तांबड्या पायांची सडपातळ गांधीलमाशीसारखी कीड बाहेर आली. आधी वाटलं डबी बदलली. ती डिप्लॅझॉन होती: सिरफिडच्या अंड्यात किंवा कोवळ्या अळीत आपलं अंडं घालणारी परजीवी. तिची अळी आतून वाढते आणि कोष झाल्यावर यजमानाला संपवते. रिकामा कोष शेतात सापडला तर आत कोण होतं हे त्याच्या तोंडावरून कळतं. माशी निघताना फुगीर टोकाचं झाकण उघडून जाते. परजीवी वेडंवाकडं भोक कुरतडून बाहेर पडते.

मोठी माशी जवळून बघायची असेल तर तिला डबीसकट फ्रिजमध्ये पाच मिनिटं ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. गार झाली की दोन-तीन मिनिटं हलत नाही. तेवढ्यात भिंगानं खांदे, डोळे, मागच्या पायाचा सांधा बघून घ्या आणि उन्हात झाकण उघडून ठेवा. ही डबी पनीरच्या डब्याशेजारी ठेवण्याआधी घरच्यांना सांगून ठेवावं, हा स्वानुभव.

नोंद

फोटो तीन हवेत: वरून, बाजूनं, आणि पंखाच्या शिरा दिसतील असा. चौथा चेहऱ्याचा मिळाला तर उत्तम. वहीत तारीख, वेळ, गाव, झाडाचं नाव, नर की मादी, अंदाजे लांबी, आणि काय करत होती: टांगलेली, फुलावर, माव्याजवळ अंडी घालताना. झाडाचं नाव माहीत नसेल तर झाडाचाही फोटो. माझ्या वहीत उजवीकडे एक रकाना आहे, त्यात ओळख कशावरून ठरवली ते लिहितो: "खांदे उघडे, झोल आहे, खण बंद, डोळे ठिपक्यांचे." हा रकाना रिकामा राहिला तर डावीकडचं नाव पेन्सिलीनं लिहितो.

मार्च सरता सरता दादर निघते, मावा वाळतो आणि बांधावरची वर्दळ थांबते. एप्रिल-मेच्या 44-45 अंशांत शेतात काही सापडणार नाही. तेव्हा गोठ्यामागची मोरी आणि मळीची टाकी बघत जा. पाणी असेल तिथे पृष्ठभागावर नळ्यांची बारीक टोकं दिसतील, आणि टाकीच्या काठावर सकाळच्या उन्हात एखादी ठिपक्याच्या डोळ्यांची अंग शेकत बसलेली.